पायरीची नोंद : लहान ट्रॅक्टरवरील चढ-उतार आणि त्यातील धोक्यांचा इतिहास

प्रास्ताविक

भारतीय शेतीच्या यांत्रिकीकरणाचा इतिहास आजवर प्रामुख्याने उत्पादन, कर्जपुरवठा, धारणक्षेत्र आणि शेतमजुरांचे विस्थापन या अंगांनी लिहिला गेला आहे. हरितक्रांतीवरील कोणताही ग्रंथ उघडला तर ट्रॅक्टरांची संख्या, त्यांची अश्वशक्ती आणि त्यांची राज्यवार विभागणी हमखास आढळते. परंतु त्या ट्रॅक्टरवर माणूस चढतो कसा आणि उतरतो कसा, हा प्रश्न या ग्रंथांत विचारलेला दिसत नाही. वरवर पाहता इतिहासाच्या अभ्यासकाने दखल घ्यावी एवढा तो मोठाही वाटत नाही. तथापि शेतीवर काम करणारा माणूस दिवसातून अनेक वेळा जी कृती करतो, जी करताना त्याचा पाय घसरतो, घोटा मुरगळतो, गुडघा कायमचा दुखावतो आणि क्वचित प्रसंगी प्राणही जातो, ती कृती नोंदीबाहेर का राहिली, हा निश्चितच इतिहासाचा प्रश्न आहे. ट्रॅक्टरच्या सुरक्षिततेचा इतिहास हा मुख्यतः ट्रॅक्टर उलटण्याचा इतिहास झाला. मृत्यू मोजले गेले, पायरी मोजली गेली नाही. जी थोडीबहुत मोजली गेली, ती उशिरा आणि वेगळ्या बांध्याच्या माणसासाठी. प्रस्तुत निबंधात या एका सूत्राच्या आधारे लहान ट्रॅक्टरचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

या विषयाकडे वळण्याचे कारण व्यक्तिगत आहे, हे प्रारंभीच नमूद करणे योग्य ठरेल. प्रस्तुत लेखकाचे वडील द्राक्षबागेत फवारणी करीत असताना नोझल साफ करण्यासाठी लहान ट्रॅक्टरवरून खाली उतरत होते. ऑक्टोबरचा अवकाळी पाऊस होऊन गेला होता आणि चपलेला काळी माती चिकटलेली होती. डावा पाय पायदानावरून निसटला आणि उजवा गुडघा पिळवटला. रुग्णालयातील कागदावर ‘पडून दुखापत’ एवढेच दोन शब्द लिहिले गेले. ट्रॅक्टर हा शब्द त्यात कोठेही नाही. पुढे ते बागेत चालत गेले ते काठी घेऊनच. उद्या कोणी शेतीतील यंत्र-अपघातांचा अभ्यास करू लागले, तर हा प्रसंग त्याच्या हाती लागणार नाही. ज्या साधनांवर आपण विसंबून राहतो ती साधनेच या बाबतीत मौन पाळतात, याची जाणीव लेखकास तेथून झाली.

बैलगाडीची सवय

ट्रॅक्टरवर चढणाऱ्या पहिल्या पिढीचे शरीर बैलगाडीवर घडलेले होते. गाडीवर चढण्याची एक रीत असते. गाडीवान चाकाच्या तुंब्यावर किंवा पुढच्या दांडीवर पाय ठेवतो आणि साटीचा आधार घेऊन वर जातो. अनेकदा तर गाडी चालू असतानाच तो उडी मारून बसतो आणि तसाच उतरतो. बैलाचा वेग ताशी तीन-चार किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याएवढाच. शिवाय बैल हे सजीव आहेत. गाडीवान खाली पडला तर ते थांबतात, निदान त्याच्या हाकेला थांबतात. म्हणून चालत्या गाडीवर चढणे हा ग्रामीण जीवनात धोका मानला गेला नाही. ते अंगवळणी पडलेले कसब होते, आणि पोरे ते सहा-सात वर्षांच्या वयात शिकत.

स्वातंत्र्यानंतर सरकारी पातळीवर ट्रॅक्टर आला तो मात्र अगदी वेगळ्या रीतीने. केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने युद्धानंतर मागे राहिलेली अमेरिकन यंत्रे वापरून मध्य भारतातील कांस गवताने व्यापलेली जमीन मोडण्याचे काम हाती घेतले. सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला शेती यंत्रसामग्रीसाठी १ कोटी डॉलरचे कर्ज दिले, तेही मुख्यतः याच कामासाठी. या कामावर शिकवून तयार केलेले चालक असत. यंत्र सरकारचे, चालक सरकारचा आणि दुरुस्तीची छावणीही सरकारची. १९५५ साली मध्य प्रदेशातील बुदनी येथे ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र निघाले, तेही याच दृष्टीतून.

खासगी ट्रॅक्टरचा प्रसार त्यानंतरचा. १९५९ साली फरिदाबाद येथे आयशरचा पहिला ट्रॅक्टर तयार झाला, १९६० साली मद्रासमध्ये मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने टॅफे ही कंपनी स्थापन झाली आणि १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्यातून महिंद्राचा ट्रॅक्टर उद्योग मुंबईत उभा राहिला. १९७४ मध्ये पंजाबमधून स्वराज ७२४ बाजारात आला. हे ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या घरी पोहोचले तेव्हा ते चालविणारा माणूस बुदनीला जाऊन आलेला नव्हता. कालपर्यंत गाडी हाकणारा घरचा मुलगा किंवा सालगडी आज ट्रॅक्टरवर बसला. क्लच आणि गिअर तो चार दिवसांत शिकला, चढण्या-उतरण्याची रीत मात्र त्याने गाडीचीच ठेवली. चालत्या ट्रॅक्टरवर पाय ठेवून चढणे, मडगार्डवर बसणे, ट्रॉलीच्या जोडदांड्यावर उभे राहणे या सर्व सवयींची मुळे गाडीच्या संस्कृतीत आहेत. त्यांना केवळ निष्काळजीपणा म्हणून मोकळे होणे हे लेखकाच्या मते इतिहासाकडे पाठ फिरविण्यासारखे आहे.

फर्ग्युसनचा वारसा

आपल्याकडील लहान ट्रॅक्टरच्या रचनेचा उगम शोधायचा तर हॅरी फर्ग्युसन या आयरिश अभियंत्यापर्यंत जावे लागते. १९१७ साली हेन्री फोर्डचा फोर्डसन ट्रॅक्टर बाजारात आला. तो स्वस्त आणि लहान होता, परंतु नांगर एखाद्या मुळात किंवा दगडात अडकला की त्याचे पुढचे तोंड वर उचलले जाई आणि ट्रॅक्टर चालकासह पाठीमागे उलटे. फर्ग्युसनने नांगर ट्रॅक्टरला तीन बिंदूंनी जोडण्याची आणि हायड्रॉलिक पद्धतीने तो नियंत्रित करण्याची जी योजना विकसित केली, तिच्यामुळे नांगराचा ओढच ट्रॅक्टरला जमिनीवर दाबून ठेवू लागला. हलका ट्रॅक्टर जड काम करू शकला तो यामुळे. ट्रॅक्टर-सुरक्षिततेच्या इतिहासातील ही मोठी घटना होय. मात्र येथपासूनच ‘सुरक्षितता म्हणजे उलटण्यापासून बचाव’ हे समीकरण रूढ झाले, असेही म्हणता येईल.

१९४६ साली इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथे फर्ग्युसनचा टीई-२० हा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. १९५६ पर्यंत त्याचे पाच लाखांहून अधिक नग तयार झाले. वजन सुमारे १.१ टन, उंची कमी, रंग राखाडी. एडमंड हिलरी यांनी ४ जानेवारी १९५८ रोजी याच ट्रॅक्टरांवरून दक्षिण ध्रुव गाठला, ही कथा पुष्कळांना ठाऊक असते. ध्रुवावर जाणाऱ्या त्या यंत्रावर चढायचे कसे, याविषयी मात्र कथाकार काही सांगत नाहीत. (लेखकाने वर्गात हा प्रश्न विचारला तेव्हा विद्यार्थी हसले, आणि त्यांचे हसणे अस्थानी नव्हते.)

टीई-२० मध्ये चालक गिअरपेटीच्या दोन्ही बाजूंना पाय सोडून, घोड्यावर बसल्यासारखा बसतो. त्याला सलग फलाट नाही. पाय ठेवायला दोन बाजूंना केवळ दोन पायटेकणी आहेत. आसन लोखंडी, वाडग्याच्या आकाराचे. चढण्याचे मार्ग दोन. पहिला बाजूने, मागील चाकाच्या पुढून, पायटेकणीवर पाय ठेवून आणि गिअरच्या दांड्यावरून दुसरा पाय पलीकडे टाकून. दुसरा पाठीमागून, दोन्ही चाकांच्या मधून, हायड्रॉलिकच्या हातांवर पाय देऊन. दुसरा मार्ग अनेकांना सोपा वाटे, कारण त्यात गिअरचा दांडा आडवा येत नाही. परंतु नेमका तोच मार्ग पीटीओच्या शाफ्टवरून जातो.

पीटीओ म्हणजे इंजिनाची शक्ती मागील अवजाराला देणारा फिरता शाफ्ट. व्यापारी स्वरूपात तो १९१८ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरवर आला आणि पुढे मिनिटाला ५४० फेरे हा त्याचा प्रमाणित वेग ठरला. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. धोतराचा सोगा, साडीचा पदर, गळ्यातले उपरणे किंवा पँटचा पाय यांपैकी काहीही त्यात अडकले, तर हात मागे घेण्याचा विचार मनात येईपर्यंत शाफ्टला कापडाचे कित्येक वेढे पडलेले असतात. इंजिन चालू ठेवून पाठीमागून उतरणे हा त्यामुळे लहान ट्रॅक्टरवरील सर्वांत भयंकर मार्ग ठरतो, आणि सर्वांत सोयीचाही तोच.

असे असले तरी फर्ग्युसनच्या रचनेत एका धोक्याचा विचार अत्यंत कल्पकतेने केलेला होता. टीई-२० मध्ये इंजिन सुरू करण्यासाठी वेगळे बटण नाही. गिअरचा दांडाच एका विशिष्ट खुणेवर नेला की स्टार्टर फिरतो. परिणामी ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना सुरू होणे शक्यच नाही. जमिनीवर उभे राहून कोणी तो सुरू केला, तरी तो अंगावर येणार नाही. चालकाला सूचना देणारी पाटी नाही, दटावणी नाही. चूक करण्याची वाटच बंद केली आहे. सुरक्षिततेचा विचार रचनेतच मुरविण्याचे याहून चांगले उदाहरण त्या काळातील शेतीयंत्रांत क्वचितच आढळेल.

अमेरिकेत फोर्डच्या ९एन या १९३९ च्या प्रतिमानातही पायटेकण्याच होत्या. फर्ग्युसनशी फारकत झाल्यानंतर १९४७ मध्ये आलेल्या ८एन ट्रॅक्टरला दोन्ही बाजूंना पायफळ्या बसविण्यात आल्या आणि दोन्ही ब्रेक उजवीकडे आणले गेले. त्याआधी डावा ब्रेक आणि क्लच एकाच बाजूला होते. पायफळीमुळे चालकाला उभे राहण्यास आणि पाऊल बदलण्यास जागा मिळाली. शक्तिशाली, लहान, स्वस्त ट्रॅक्टर निघून तीस वर्षे झाल्यावर ही फळी आली. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याने १९१९ साली कायदा करून विक्रीस येणाऱ्या ट्रॅक्टरांची चाचणी बंधनकारक केली होती. त्या चाचण्यांत ओढशक्ती, पट्ट्याची शक्ती, इंधनाचा खप हे सर्व काटेकोरपणे मोजले जाई. कंपनीने सांगितलेली अश्वशक्ती खरी आहे काय, हा ग्राहकाचा प्रश्न होता. पाय कोठे ठेवायचा, हा प्रश्न ग्राहकाने विचारलेला नव्हता, कारण पुष्कळदा ट्रॅक्टर विकत घेणारा वेगळा आणि त्यावर चढणारा वेगळा असे.

द्राक्षबागेतील चढ-उतार

महाराष्ट्रात लहान ट्रॅक्टरची गरज दोन कारणांनी निर्माण झाली. पहिले कारण जमिनीच्या तुकड्यांचे. १९७०-७१ च्या कृषिगणनेनुसार राज्यातील सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ पर्यंत १.३४ हेक्टरवर आले. दुसरे कारण फळबागांचे. नाशिक जिल्ह्यातील निफाड व दिंडोरी किंवा सांगली जिल्ह्यातील तासगाव या परिसरात द्राक्षाच्या मांडवाखाली आणि दोन ओळींमधील अरुंद जागेत मोठा ट्रॅक्टर जात नाही. बंगळूरच्या व्हीएसटी कंपनीने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने आणलेला सुमारे १८ अश्वशक्तीचा ‘शक्ती’ ट्रॅक्टर याच कारणाने द्राक्षपट्ट्यात ओळखीचा झाला. पुढे महिंद्राचा १५ अश्वशक्तीचा, एकाच सिलिंडरचा ‘युवराज’ आणि इतर कंपन्यांचे लहान ट्रॅक्टर आले.

या ट्रॅक्टरांचे काम नांगरटीसारखे नसते. नांगरटीत चालक सकाळी चढतो तो न्याहारीला उतरतो. फवारणीत मात्र चढ-उतार हाच कामाचा मोठा भाग असतो. टाकी भरायची, औषध कालवायचे, नोझल तुंबले की उतरायचे, ओळीच्या टोकाला तार आडवी आली की उतरायचे, पाइप निसटला की पुन्हा उतरायचे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला तर डावणीच्या भयाने शेतकरी रात्री-अपरात्रीही ब्लोअर चालवितो. अशा वेळी उजेड अपुरा असतो. पायदान औषधाच्या पाण्याने आणि चिखलाने बुळबुळीत झालेले असते, आणि चालकाच्या पायांत बहुधा रबरी स्लीपर असते. मांडव डोक्याशी आलेला असल्यामुळे त्याला सरळ उभे राहता येत नाही. तो वाकूनच चढतो आणि वाकूनच उतरतो. ज्या वेळी हाताने पकड घ्यायची, त्याच वेळी एक हात डोक्यावरची काडी किंवा तार बाजूला सारण्यात गुंतलेला असतो.

चढण्यापेक्षा उतरणे अधिक धोक्याचे असते, याची कारणमीमांसा अवघड नाही. चढताना माणसाला पायरी दिसते आणि शरीराचा भार पुढे, यंत्राकडे असतो. उतरताना बहुतेक चालक यंत्राकडे पाठ करून बाहेर तोंड करतात. पायरी त्यांच्या टाचेखाली दिसेनाशी होते, आणि पुष्कळ जण तिचा उपयोगच न करता सरळ उडी टाकतात. अर्धा मीटर उंचीवरून उडी टाकल्यास जमिनीवर आदळतानाचा वेग ताशी सुमारे ११ किलोमीटर असतो. हा वेग फार नाही. परंतु दोन-तीन तास कंप पावणाऱ्या आसनावर बसून बधिर झालेला पाय ढेकळावर, पाइपवर किंवा सरीच्या काठावर पडला की घोटा वळतो. लहान ट्रॅक्टरची उंची कमी, म्हणून त्यावरून उतरताना माणूस सावध नसतो. मोठ्या ट्रॅक्टरवरून तो पायरी शोधतो, लहानावरून शोधत नाही. यंत्राचा लहानपणा येथे घात करतो.

आणखी एक बारकावा असा की लहान ट्रॅक्टरवर जागा आखूड असल्याने सर्व दांडे एकमेकांजवळ आलेले असतात. उजव्या बाजूने उतरणाऱ्याच्या पँटचा पाय किंवा सदऱ्याचे टोक हायड्रॉलिकच्या दांड्यात अडकते, आणि उचललेले अवजार खाली येते किंवा खाली असलेले वर उचलले जाते. डाव्या बाजूने चढणाऱ्याचा पाय क्लचवर पडतो. म्हणून जुने चालक डाव्या बाजूने चढण्या-उतरण्याचा आग्रह धरतात, पण ट्रॅक्टर आधी बंद करून.

बॅटरी आणि इंजिन चालू ठेवण्याचे अर्थशास्त्र

ट्रॅक्टर बंद करून उतरावे, हे सांगायला सोपे आहे. बंद का केला जात नाही, याचे उत्तर बॅटरीत दडलेले आहे. डिझेल इंजिन फिरवून सुरू करण्यास जोरदार बॅटरी लागते. जुनी बॅटरी बदलण्याचा खर्च लांबणीवर टाकला जातो, आणि मग दिवसभर ट्रॅक्टर बंद न करणे हीच काटकसर ठरते. चालक इंजिन चालू ठेवून, कधी पीटीओही तसाच फिरता ठेवून उतरतो. संध्याकाळी ट्रॅक्टर उतारावर, चाकाखाली दगड लावून उभा केला जातो, म्हणजे सकाळी दगड काढून गडगडत नेला की सुरू होतो. हा दगड काढणारा माणूस चाकाच्या समोर वाकलेला असतो.

याहून घातक असा दुसरा उपाय म्हणजे स्टार्टरची दोन टोके स्क्रू-ड्रायव्हरने जोडून इंजिन सुरू करणे. उत्पादकांनी क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर मोकळा असल्याशिवाय स्टार्टर फिरू नये यासाठी बसविलेला स्विच अशा वेळी निरुपयोगी होतो, कारण विजेचा मार्गच त्याला वळसा घालून जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो सुरू होताच चालू लागतो, आणि सुरू करणारा माणूस मागील चाकाच्या पुढ्यात उभा असतो. सर्वांत हळू गिअरमध्येही ताशी दोन किलोमीटर वेग धरला, तर चाक सेकंदाला अर्ध्या मीटरहून अधिक पुढे सरकते. मागे सरायला त्याला एक-दोन सेकंद मिळतात. फर्ग्युसनने १९४६ मध्ये जी वाट रचनेने बंद केली होती, ती पुढील काळात वेगळ्या स्विचवर सोपविली गेली. आणि तो स्विच बिघडला की दुरुस्त करण्याऐवजी टाळणे अधिक स्वस्त पडते. तंत्रज्ञानाचा इतिहास सरळ प्रगतीचा नसतो, हे दाखविण्यास एवढे एक उदाहरण पुरेसे वाटते.

कायदे, मानके आणि मौन

पाश्चात्त्य देशांतील शेतीसुरक्षा कायद्यांचा क्रम पाहिला तर त्यातील प्राधान्ये स्पष्ट होतात. ब्रिटनमध्ये शेतीतील सुरक्षितता, आरोग्य व कल्याणविषयक कायदा १९५६ साली झाला. १९५८ च्या नियमांनी तेरा वर्षांखालील मुलांना शेतीकामात ट्रॅक्टरवर बसण्यास किंवा तो चालविण्यास बंदी घातली. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर उलटण्यापासून संरक्षण देणारी चौकट बंधनकारक केली, आणि ब्रिटनने १९६७ च्या नियमान्वये १ सप्टेंबर १९७० पासून नव्या ट्रॅक्टरांसाठी तसेच केले. या चौकटीने पुष्कळ प्राण वाचविले, याविषयी दुमत नाही. तिचा एक अनपेक्षित परिणामही झाला. चौकटीची पुढे बंद केबिन झाली, केबिनला दरवाजा आला, आणि दरवाजा बाजूला असल्यामुळे पाठीमागून चढण्याचा जुना मार्ग आपोआप बंद झाला. दरवाज्याखाली पायरी द्यावीच लागली. उलटण्याच्या भीतीतून पायरी जन्मली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. मात्र बागेतील लहान ट्रॅक्टरला केबिन नसते, म्हणून हा आनुषंगिक लाभ त्याला मिळाला नाही.

पायरीचा स्वतंत्र विचार युरोपीय आर्थिक समुदायाच्या १९८० च्या निर्देशात झालेला दिसतो. त्यानुसार पहिली पायरी जमिनीपासून ५५० मिलिमीटरपेक्षा उंच असू नये. अरुंद व लहान ट्रॅक्टरांच्या सुरक्षिततेसाठी आंतरराष्ट्रीय मानकाचा वेगळा भाग निघायला मात्र २०१० साल उजाडावे लागले. आता या ५५ सेंटिमीटरकडे आपल्या बाजूने पाहावे. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेतून २००९ साली भारतीय शेतकामगारांच्या शरीरमापांचे संकलन प्रसिद्ध झाले. त्यावरून पुरुष शेतकामगाराची सरासरी उंची सुमारे १६३ सेंटिमीटर आणि स्त्री शेतकामगाराची सुमारे १५१ सेंटिमीटर असल्याचे दिसते. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीला ५५ सेंटिमीटरची पायरी गुडघ्याच्याही वर येते. नऊवारी नेसलेली स्त्री एक वेळ तेथे पाय टाकू शकेल, सहावारी नेसलेलीला तो टाकण्याआधी साडी वर धरावी लागेल, म्हणजे एक हात गेला.

भारतातील कायद्यांनी या प्रश्नाला स्पर्श केला तो आडून. १९८३ च्या धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियमाच्या केंद्रस्थानी मळणीयंत्र होते, कारण त्या काळी पंजाब-हरियाणात मळणीयंत्रात हात गमावलेल्यांचा प्रश्न ऐरणीवर आलेला होता. १९८९ च्या रस्ता वाहतूक नियमांनी ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणालाही बसविण्यास मनाई केली. मडगार्डवरचा माणूस त्यामुळे बेकायदा ठरला, पण तो खाली उतरला नाही. तो बेकायदा ठरल्यामुळे पडल्यावर त्याची तक्रारही कोणी नोंदविली नाही, हा या नियमाचा दुसरा पैलू म्हणावा लागेल. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत ट्रॅक्टरने शेती करण्याच्या कामावर असलेल्या व्यक्तीचा स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे कागदावर सालगड्याला हक्क होता. परंतु मुरगळलेल्या घोट्यासाठी मालकाविरुद्ध दावा लावून पुन्हा त्याच गावात राहणे कोणाला शक्य होते?

राष्ट्रीय पातळीवर १९६७ पासून प्रसिद्ध होणाऱ्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालात नावाप्रमाणे मृत्यूंचीच गणना होते. महाराष्ट्रातील शेतकरी अपघात विमा योजनेत, जी पुढे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ओळखली गेली आणि २०२३ पासून सानुग्रह अनुदानाच्या स्वरूपात राबविली जाऊ लागली, मृत्यूसाठी आणि दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपये आणि एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास १ लाख रुपये अशी तरतूद होती. कुटुंबाला आधार देणारी ही योजना आहे, तिचे महत्त्व कमी लेखण्याचा हेतू नाही. परंतु अवयव शाबूत राहून निरुपयोगी झालेला गुडघा तिच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. शासकीय दप्तरात माणूस एक तर मरतो, नाही तर तुटतो. तो अधू झाल्याची नोंद घेणारे दप्तर नाही.

पायरी कोणी बसविली

राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने २०१२ साली अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचे मिनी ट्रॅक्टर व त्यांची अवजारे ९० टक्के अनुदानावर देण्याची योजना आणली. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने ही महत्त्वाची घटना आहे. ज्या घरांत ट्रॅक्टर हे नेहमी दुसऱ्याचे यंत्र होते आणि आपण त्यावरचे मजूर, त्या घरांत तो मालकीचा झाला. त्यांत स्त्रियांचे गटही होते. अनुदानाच्या अटींत गटाची नोंदणी, सभासदांचे प्रमाण, बँकखाते हे सर्व आले. ट्रॅक्टरवर चढणारी व्यक्ती कोणत्या बांध्याची आहे, याचा विचार यंत्रनिवडीत होण्याचे कारण नव्हते, कारण बाजारात त्या बांध्याचे यंत्रच नव्हते.

मग पायरी दिली कोणी? द्राक्षपट्ट्यात फिरताना पुष्कळ लहान ट्रॅक्टरांवर कंपनीची नसलेली एक पायरी दिसते. गावातल्या वेल्डिंगवाल्याने लोखंडी अँगलचा तुकडा किंवा बांधकामाच्या सळईचे वेटोळे पायदानाखाली जोडून दिलेले असते. कोणी त्यावर जुन्या टायरचा तुकडा स्क्रूने बसवितो, म्हणजे पाय घसरत नाही. कोणी मडगार्डच्या कडेला पाइप वाकवून धरायला दांडा करतो. ही कामे कोणत्याही मानकात नाहीत. काही ठिकाणी ती नवा धोकाही निर्माण करतात, कारण खाली आलेली सळई सरीच्या वरंब्याला घासते आणि वाकते. तरीही वापरणाऱ्याने यंत्राला दिलेले हे उत्तर आहे, आणि शेतीतील यांत्रिकीकरणाचा इतिहास लिहिणाऱ्याने बुदनीच्या चाचणी अहवालांबरोबर वेल्डिंगच्या दुकानांकडेही साधन म्हणून पाहिले पाहिजे.

लेखकाच्या घरच्या ट्रॅक्टरवर अशी पायरी वडिलांच्या दुखापतीनंतर बसविली गेली. अँगलच्या तुकड्यावर नक्षीचा पत्रा आहे, जमिनीपासून उंची ३८ सेंटिमीटर. वडिलांना ती वापरता आली नाही, कारण त्यानंतर ते ट्रॅक्टरवर चढलेच नाहीत. आई मात्र टाकी भरताना तिच्यावर उभी राहते.